मुहूर्ताचा हात

माणसाच्या जिवापेक्षा मोठं या जगात काही नाही, असं धर्मराज घरतचं ठाम मत होतं. हे मत त्याला मंगळवारी झालं. सोमवारी त्याच्या वर्कशॉपात दयारामची दोन बोटं गेली होती.

तोपर्यंत या विषयावर त्याला मत नव्हतं. पनवेलहून उरणकडे निघालं की डाव्या हाताला एक निळ्या पत्र्याची शेड लागायची. तिथे धर्मराज दारं बनवायचा. गव्हाणची जमीन सरकारी संपादनात गेल्यावर भावकीत कुणी डंपर घेतले, कुणी मटेरियल सप्लायचा बोर्ड लावला, कुणी नुसतीच गळ्यात साखळी घातली. धर्मराज बी.कॉम. होता, म्हणून त्याने उत्पादनात शिरायचं ठरवलं. बेलपाड्याच्या बाजूला टॉवर उगवत होते आणि टॉवरमधल्या माणसालाही संडासाला दार लागतं, एवढा एकच आर्थिक सिद्धांत त्याच्याकडे होता. तो बरोबर निघाला.

लाकडाला मात्र तो हात लावत नसे. "मी मॅनेजमेंट बघतो," असं तो सांगे. खरी गोष्ट अशी, की टेबलाच्या फटीतून अर्धी वर आलेली ती गोल करवत फिरायला लागली की दिसेनाशी व्हायची, आणि न दिसणाऱ्या वस्तूजवळ उभं राहायला त्याला आवडत नसे.

दयाराम हॉस्पिटलातून आला तो हाताला पांढरं बोचकं बांधून.

"दुखलं का रे फार?" धर्मराजने विचारलं. विचारायला हवं म्हणून.

"दुखलंच नाय शेट. फळी पुढं गेली आनि हात हलका झाला. मंग खाली बगितलं."

धर्मराजला यावर काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो गाडी काढून पनवेलच्या बाजारात खरेदीला गेला.

हत्यारांच्या दुकानात काउंटरला कुंदन असायचा. पंचविशीतला, तोंडात बडीशेप, गिऱ्हाइकाकडे न बघता बोलण्याची सवय.

"सगळ्यात सुरक्षित ब्लेड कुठलं?" धर्मराजने विचारलं.

"जे पेटीतून काढलं नाही ते."

"चेष्टा नको. माणसाचा हात गेलाय."

कुंदनने वर बघितलं, मग भिंतीवरची ब्लेडं उतरवून काचेवर मांडली. सगळा खेळ दातांचा होता. चोवीस दात म्हणजे नुसती फाड, काम झटपट आणि काप खरबरीत. ऐंशी दात म्हणजे सनमायकासाठी, लोण्यासारखा काप. पण जाड लाकडात घातलं तर ब्लेड तापतं आणि फळी उलटी अंगावर येते. चाळीस दोन्हीला चालतं. चाळीस हा आकडा धर्मराजला समजूतदार वाटला. त्याचं स्वतःचं वयही त्याच आसपास होतं.

"प्रत्येक ब्लेडची सही असते," कुंदन म्हणाला आणि त्याने एक कापलेला तुकडा उजेडात तिरपा धरला. कापावर बारीक कमानी होत्या, एकीशेजारी एक, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. "हे चाळीसचं. पाठ करून ठेवा. कारागीर उद्या भलतंच ब्लेड लावून बसला तरी तुम्हाला कळेल."

धर्मराजने मॅनेजमेंटच्या दृष्टीने ते पाठ केलं.

मग त्याने चाळीसचं ब्लेड आणि नवी मशीन घेतली. तिच्याबरोबर ब्लेडवर बसणारी पारदर्शक टोपी घेतली. फाडलेली फट मिटून ब्लेड अडकू नये म्हणून मागे उभं राहणारं पोलादी पातं घेतलं. त्याचं इंग्रजी नाव लांब होतं, कारागिरांनी त्याला शेपूट नाव ठेवलं. फळी दाबून धरणारी फणी घेतली, चष्मे घेतले, कानांत घालायची बुचं घेतली. हाताऐवजी फळी ढकलायची काठी तेवढी राहिली.

"पुश स्टिक संपलीय," कुंदन म्हणाला. "दसऱ्यानंतर येईल. तोपर्यंत काय, लाकडाचा तुकडा घ्या एखादा. सुतारांकडे लाकूड असतंच."

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. झेंडूचा हार, टोपीला कुंकवाची पाच बोटं, ब्लेडपुढे नारळ. मुख्य कारागीर काळूराम न्हाऊन नवा शर्ट घालून आला होता. काळूराम गव्हाणचाच. सुतारकामात आयुष्य काढूनही त्याची दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि ती त्याला लागत. हळदीच्या रात्री ढोलकी वाजवायला त्याला पार उरणपर्यंत बोलावणं असायचं.

"चला शेट," काळूराम म्हणाला. "पयली फळी तुमच्या हातानं. मालकाचा हात लागल्याबिगर मशीन घरची व्हत नाय."

मशीन चालू झाली. ब्लेड दिसेनासं झालं. धर्मराज टेबलापाशी गेला आणि त्याचा हात कोपरापासून पुढे जाईना.

"अरे, बघताय काय, नवरीला हात लावायचाय," कुणीतरी मागून म्हणालं. माणसं हसली.

"तूच कर रे मुहूर्त," धर्मराज काळूरामला म्हणाला.

"आमचा हात कशाला चालंल? कोर्टात पन मालकाची सही लागतं." काळूरामने मान खाजवली. मग त्याचा चेहरा उजळला. "असं करा. हात येत नसंल तर हाताचा माप द्या."

त्याने पाऊण इंची प्लायचा तुकडा उचलला, धर्मराजचा उजवा पंजा त्यावर ठेवला आणि कानामागची पेन्सिल काढून बोटांच्या कडेने फिरवली. पेन्सिल करंगळीच्या बेचक्यात गेली तेव्हा गुदगुल्या झाल्या आणि धर्मराज हसला. पुढे त्याला ते हसणं बऱ्याचदा आठवलं. काळूरामने जिगसॉने रेषेवरून पंजा कापला, पाठीवर स्क्रूने दांडा बसवला, बोटांना हळदकुंकू लावलं आणि तळव्याखाली आपट्याचं पान ठेवलं.

"घ्या. शेटचा हात."

लाकडी हाताने पहिली फळी ब्लेडमधून गेली. टाळ्या पडल्या, पेढे वाटले. आणि ही गोष्ट कामाची निघाली. ढकलायला पकड चांगली, बोटांनी फळी दाबून धरली जायची. कुंदनची पुश स्टिक येईपर्यंतची सोय म्हणून तो हात मशीनशेजारी खिळ्याला टांगला आणि तिथेच राहिला.

त्यानंतर वर्कशॉपात कुणाला साधं खरचटलंही नाही. धर्मराजने ही गोष्ट लोकांना सांगायला सुरुवात केली. "सेफ्टी ही खर्चाची बाब नाही, संस्कृतीची बाब आहे," असं वाक्य त्याने तयार केलं होतं.

एकदा खिळ्यावरच्या हाताला करंगळी नव्हती. मुळापासून, सरळ कापलेली.

"ही कधी गेली?"

"ब्लेडनं खाल्ली असंल," काळूराम म्हणाला. "तेच्यासाठीच टांगलाय ना तो."

हे बरोबरच होतं. ढकलायची काठी ही हाताऐवजी कापली जावी म्हणूनच असते. फक्त तुटलेला तुकडा कुठे सापडला नाही. भुशात हात घालून बघायची कुणाला गरज वाटली नाही.

त्याच दुपारी घरी भिंगाचं कालवण होतं. भिंग हा मासा मुळात काट्यांचा, मांस त्याला सोबत म्हणून दिलेलं. रियाच्या ताटातले काटे काढणं हे बापाचं काम. ती आता आठ वर्षांची होती, तरी ते काम त्याने सोडलं नव्हतं. तो काटे डोळ्यांनी शोधत नसे; टीव्हीकडे बघत बोटांनी घास चाचपायचा आणि केसाएवढा काटाही अलगद बाहेर यायचा. मोरा बंदरावरची त्याची आत्या कृष्णाबाई म्हणायची, या पोराच्या बोटांना डोले हायत.

जेवण झाल्यावर हात धुताना त्याला दिसलं, की करंगळीत एक काटा आरपार उभा आहे. तो त्याने उपटला. रक्ताचा एक थेंब आला. बाकी काही आलं नाही.

करंगळी बधिर झाली म्हटल्यावर डॉक्टरांनी मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि मानेत गॅप असल्याचं सांगितलं. पनवेलमध्ये मानेत गॅप नसलेला माणूस त्यांच्या पाहण्यात नव्हता. गोळ्या दिल्या, पट्टा दिला, जाड उशी बंद केली.

मग एका संध्याकाळी त्याची बायको मनिषा म्हणाली, "अवो, तुमची अंगठी कुठं हाय?"

धर्मराजने बोटाकडे पाहिलं. अंगठी नव्हती. कधी निसटली, त्याला कळलं नव्हतं. त्याने अनामिकेला चिमटा काढला. दुसऱ्याच्या बोटाला काढल्यासारखं वाटलं. पहिल्या पेरापर्यंत बोट गप्प होतं, त्याच्या खाली नेहमीसारखं दुखत होतं. दोन्हींच्या मधली सीमा अगदी सरळ होती.

सकाळी तो वर्कशॉपात गेला आणि थेट खिळ्यापाशी उभा राहिला. लाकडी हाताची अनामिका पहिल्या पेरावर कापलेली होती.

त्याने हात खिळ्यावरून काढला. प्लायवूड कोमट होतं. पत्र्याची शेड, वस्तू तापतात. पण शेजारी टांगलेली गुण्या, पक्कड, मोजपट्टी थंड होती.

धर्मराज वाणिज्य शाखेचा होता, त्यामुळे त्याने योगायोग हा शब्द वापरला. मग त्याने तो हात ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि कुंदनकडून पिवळ्या प्लास्टिकची काठी आणली.

आठवडाभरात बोटं परत आली. आधी मुंग्या, मग एका सकाळी चहाचा ग्लास धरला आणि त्याने तो ओरडून खाली टाकला. मनिषा धावत आली.

"भाजलं?"

"हो!" तो म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता, की ती जरा घाबरली.

त्या रविवारी त्याने स्वतः भिंग आणलं आणि रियाच्या ताटातला एकूण एक काटा काढला.

सोमवारी काळूरामची फळी उलटली.

टोपी जागेवर होती. शेपूट जागेवर होतं. फणी घट्ट होती, चष्मा डोळ्यांवर होता. प्लास्टिकची काठी फळीवरून सटकली, एवढंच. काळूराम आपल्या तर्जनीकडे बघत उभा होता. नख पूर्ण गेलं होतं, बोट राहिलं होतं. रक्त यायला अजून सुरुवात व्हायची होती.

"कायच समजलं नाय शेट," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "हात हलका झाला."

दयाराम आता गेटवर बसायचा. तो आत आला, त्याने काळूरामच्या बोटाकडे बघितलं, मग धर्मराजकडे.

"माजी नसलेली बोटं अजून खाजतात, शेट," तो म्हणाला. "रातचा झोपून देत नाय." मग त्याने विचारलं, "तुमची कशी हायत?"

"माझ्या बोटांना काय झालंय?"

"नाय, सहज."

काळूरामला पट्टी करून आणलं. पुढच्याच हप्त्यात त्याची ढोलकी होती, त्याच्या पुतणीची हळद. तो बोट हलवून बघत होता, टेबलाच्या कडेवर हळूच ठेका धरत होता. ठेका जमत होता. तो हसला.

"वाचलो. पन शेट, तो आपला पयला हातच बरा व्हता. कुठं ठेवलाय?"

"बघतो," धर्मराज म्हणाला.

ऑफिसात जाऊन तो खुर्चीत बसला. कपाटाकडे बघितलं. आपला हात टेबलावर ठेवून बघितला. या क्षणी मनात मोठी खळबळ माजायला हवी होती. तसं काही झालं नाही. बाहेर मशीन बंद होती आणि काळूरामचा ठेका ऐकू येत होता. टेबलाच्या कडेवर, चार बोटांनी. पाचवं त्याने जपून वर धरलं असणार.

धर्मराजने कुलूप उघडलं. हात कपाटात होता तसाच होता, कोमट. त्याने तो नेऊन खिळ्याला टांगला.

"नख भरेपर्यंत जड काम करू नको," एवढं तो काळूरामला म्हणाला.

"आता कसली भीती?" काळूराम म्हणाला.

खरंच, पुढे कुणाला काही झालं नाही. करंगळी परत बधिर झाली, उरलेली अनामिका गेली, मग मधलं बोट, मग तर्जनी गेली. एकदा रियाने घास घेतला आणि ती खोकायला लागली. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. मनिषाने सुक्या भाताचे गोळे गिळायला लावले तेव्हा काटा उतरला.

"बाबा, तुम्ही नीट बघितलं नाही," रिया म्हणाली.

"नाही बघितलं," तो म्हणाला.

त्यानंतर घरात कोंबडी सुरू झाली. डॉक्टरांनी मानेचा पट्टा बदलला.

"हात संपत आला, शेट," काळूराम एकदा म्हणाला. "नवा करू या? माप द्या परत." मग धर्मराजचा चेहरा बघून म्हणाला, "तुमाला वेळ नसंल तर माज्या हाताचा काढतो."

"नको!" धर्मराज इतक्या जोरात म्हणाला, की शेडमधली माणसं थांबली. "आहे तोच वापर. संपेपर्यंत."

उन्हाळ्यात गव्हाणच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट मनिषाच्या नावावर करायचा ठरला. धर्मराजच्या डोक्यात ही गोष्ट अलीकडेच आली होती. का आली, ते तिने विचारलं नाही. रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात गर्दी होती. पंखे फिरत होते, वारा लागत नव्हता. धर्मराज बाकावर उजवा हात खिशात घालून बसला होता. त्या हाताचा अंगठा तेवढा अजून बोलत होता.

"ठसा लागेल ना?" त्याने वकिलाला विचारलं.

"डाव्या अंगठ्याचा. पुरुषांचा डावाच घेतात."

धर्मराजला बरं वाटलं. डाव्या हाताचं त्याला काहीच नव्हतं. तो त्याने मांडीवर काढून ठेवला. पाचही बोटं होती, पाचही आपली होती.

फोन वाजला. काळूराम होता. मागे मशीनचा आवाज.

"शेट, एक सांगायचं व्हतं. त्या हाताची एक बाजू पार झिजली. दांडा काढून दुसऱ्या बाजूला लावलाय. पालटून घेतला."

"बरं."

"आनि आताच अंगठ्याला ब्लेड घासून गेला. तुटला नाय. नुसते वळ उठलेत. म्हटलं सांगून ठेवावं."

धर्मराज बरं म्हणाला. फोन खिशात ठेवला.

मग त्याने नकळत उजवा पंजा मांडीवर पालथा ठेवला आणि उलटा केला. परत पालथा ठेवला. परत उलटा केला.

प्लायवूडच्या पंजाला पाठ आणि तळवा नसतो. कापलेला उजवा पालटला, की डावा.

"धर्मराज घरत," आतून हाक आली.

टेबलामागे एक तरुण बाई बसली होती. तिच्यासमोर लहानसं काळं यंत्र होतं, वर हिरवट काच.

"डावा अंगठा."

त्याने डावा अंगठा काचेवर ठेवला.

काच थंड आहे की गरम, कळलं नाही.

स्क्रीनवर ठसा उमटला. त्यात चक्र नव्हतं, भोवरा नव्हता. बारीक कमानी होत्या, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या.

चाळीस दात, धर्मराजच्या मनात आलं.

बाईने स्क्रीनकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"सुतार का तुम्ही?"

"नाही," तो म्हणाला. "मी कधी हातच लावला नाही."

"सुतारांचं असंच येतं. गवंड्यांचं पण." तिने शेजारची डबी त्याच्यापुढे सरकवली. "व्हॅसलीन लावा आणि परत द्या."

त्याने लावलं. दुसऱ्या खेपेला मशीनने ठसा घेतला. व्हॅसलीन लावल्यावर घेतंच.